अमेरिकेत शटडाऊन: मुलाचा टॅक्स रिफंड अडकतो का? इकडचा कर्जाचा हप्ता कशावर धरायचा?

केळीबाग_रावेर · १३ ऑक्टोबर २०२५

राम राम मंडळी. रिफंड मुलाचा आहे, पण हप्ता माझ्या खात्यातून जातो म्हणून मीच विचारतो.

मुलगा ऑगस्ट २०२२ ला एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर एमएसला गेला. जुलै २०२४ पासून ओपीटीवर (शिक्षणानंतर त्याच व्हिसावर मिळणारी कामाची परवानगी) न्यू जर्सीत नोकरी. २०२४ चं रिटर्न एप्रिलमध्ये मुदतवाढ घेऊन २७ सप्टेंबरला ऑनलाइन भरलं, अनिवासींचा फॉर्म १०४०-एनआर. फेडरल रिफंड १,८४० डॉलर, खातं तिकडच्याच बँकेचं दिलंय. राज्याचा २१० डॉलर वेगळा. शिवाय २०२४ च्या सहा महिन्यांच्या पगारातून, म्हणजे ३०,००० डॉलरवर, कंपनीने सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर (तिकडच्या पेन्शनची आणि म्हातारपणच्या आरोग्य विम्याची कपात) कापलं होतं. ते परत मिळावं म्हणून ऑगस्टमध्ये फॉर्म ८४३ पोस्टाने पाठवलाय.

आता १ तारखेपासून तिकडचं सरकार बंद. टॅक्स खात्याचे निम्मे लोक घरी बसवले म्हणे. इकडे शैक्षणिक कर्जाचा हप्ता ३८,४०० रुपये, दर महिन्याच्या १० तारखेला. ऑक्टोबरचा गेला. पुढचे चार हप्ते रिफंडमधून काढायचे असं ठरलं होतं. पैसे बुडतात, अडकतात की येतात? आणि नोव्हेंबरचं काय करायचं?

---

एडिसनचा_धुळेकर · १३ ऑक्टोबर

दादा, बुडत काहीच नाही. पण हे तीन पैसे तीन वेगळ्या वाटांनी येणार आहेत, त्यांची बेरीज करून एका तारखेला धरू नका.

राज्याचे २१० डॉलर: न्यू जर्सीची तिजोरी वेगळी, तिचं बजेट वेगळं. शटडाऊन वॉशिंग्टनचं आहे, न्यू जर्सीच्या राजधानीचं, ट्रेंटनचं नाही. ते त्यांच्या वेळेत येतील.

फेडरलचे १,८४०: येण्याची शक्यता चांगली. आयआरएसने, म्हणजे तिकडच्या केंद्राच्या टॅक्स खात्याने, पहिले पाच कामाचे दिवस आधीच्या कायद्यातून मिळालेल्या निधीवर काढले आणि ८ ऑक्टोबरला सुमारे ३४,००० लोक बिनपगारी घरी पाठवले. त्यांच्या शटडाऊन योजनेत रिफंड एरवी थांबवलेले आहेत, फक्त एक वाट उघडी ठेवलीय. १०४० मालिकेतलं रिटर्न, ऑनलाइन भरलेलं, चूक नसलेलं, मशीनने आपोआप पुढे सरकणारं आणि पैसे थेट बँक खात्यात मागितलेलं. १०४०-एनआर याच मालिकेत येतो. चारही अटी तुमच्या मुलाला लागू दिसतात. यातली एक जरी मोडली तरी रिटर्न माणसाच्या टेबलावर जातं, आणि त्या टेबलापाशी सध्या कोणी नाही.

विद्यार्थ्यांची रिटर्न कुठे अडकतात ते सांगतो. डब्ल्यू-२ वर (कंपनी देते तो वर्षाच्या पगाराचा आणि कपातीचा फॉर्म) जो कापलेला टॅक्स आहे तो आकडा रिटर्नमध्ये सेंटपर्यंत जुळायला हवा. भारत-अमेरिका कराराच्या कलम २१(२) मुळे आपल्या विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शन मिळतं, २०२४ साठी १४,६०० डॉलर. ते घेताना कराराचा उल्लेख राहिला तर प्रश्न येतो. आणि शिष्यवृत्तीवर टॅक्स कापल्याचा फॉर्म १०४२-एस जोडलेला असेल तर शटडाऊन नसतानाही सहा महिन्यांपर्यंत लागू शकतात. मुलाला विचारा, फक्त डब्ल्यू-२ आहे ना? असेल तर उत्तम.

फॉर्म ८४३ चे पैसे मात्र विसरून जा. म्हणजे सोडू नका, पण नोव्हेंबरच्या, डिसेंबरच्या कुठल्याच हिशोबात धरू नका. ७.६५ टक्क्यांनी २,२९५ डॉलर होतात, रक्कम मोठी आहे, मागणीही बरोबर आहे (एफ-१ वर पहिली पाच कॅलेंडर वर्षं ही कपात लागत नाही, म्हणजे त्याच्यासाठी २०२६ संपेपर्यंत). पण हा कागदी अर्ज. टपाल खातं स्वतःच्या कमाईवर चालतं, ते बंद नाही. त्यामुळे पाकिटं रोज येतात आणि न फोडता साचतात. २०१९ चा शटडाऊन संपता संपता आयआरएसकडे असं ५० लाखांहून जास्त टपाल पडलेलं होतं.

---

बळीरामपेठ_सीए · १३ ऑक्टोबर

धुळेकरांनी बरोबर सांगितलं. त्यामागचा कायदा दोन ओळीत लिहितो, कारण व्हॉट्सअपवर "अमेरिकेची तिजोरी रिकामी झाली" असं फिरतंय आणि ते साफ चूक आहे.

त्यांचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. त्याआधी बारा खर्च विधेयकं मंजूर व्हावी लागतात, नाहीतर जुन्या दराने खर्च चालू ठेवण्याचा तात्पुरता ठराव तरी. दोन्ही नाही झालं तर मंजुरीविना खर्च करणं खात्याला गुन्हा आहे, आणि माणूस कामावर बोलावणं हाही खर्चच. टॅक्सची वसुली मात्र चालूच राहते. रिफंडच्या पैशाला दरवर्षीची मंजुरी लागत नाही, त्याची कायमची तरतूद कायद्यातच आहे. म्हणजे पैसा आहे, तो मोजून द्यायला माणूस नाही. पूर्वी हाच मुद्दा धरून रिफंड सरसकट थांबवत. २०१३ च्या १६ दिवसांच्या शटडाऊनमध्ये सुमारे ४ अब्ज डॉलरचे रिफंड लांबले. जानेवारी २०१९ मध्ये व्हाइट हाउसने भूमिका बदलली की रिफंड द्यायचे. मशीनची वाट उघडी दिसते ती त्यानंतरची.

व्याजाचंही सांगतो. रिटर्न भरल्यापासून ४५ दिवसांत रिफंड निघाला तर आयआरएस व्याज देत नाही. तुमच्या मुलाचे ४५ दिवस ११ नोव्हेंबरला पुरे होतात. त्यापुढे गेलं तर व्याज लागतं, २०२५ मध्ये वैयक्तिक करदात्यांना ७ टक्के, रोज चक्रवाढीने. मागावं लागत नाही, रकमेत आपोआप जोडून येतं. शटडाऊन आहे म्हणून हे घड्याळ थांबत नाही.

उलट बाजूनेही थांबत नाही, आणि लोक इथेच फसतात. १५ ऑक्टोबरची मुदतवाढीची तारीख जशीच्या तशी आहे. ज्यांचं भरायचं राहिलंय त्यांनी परवापर्यंत भरा. ऑफिस बंद, मग कोण बघतंय, असं समजू नका. दंड मशीनच लावतं.

---

केळीबाग_रावेर · १४ ऑक्टोबर

आभारी आहे. फक्त डब्ल्यू-२ च आहे, दुसरं काही नाही. रिफंडच्या साइटवर "रिटर्न मिळालं" एवढंच दाखवतं. याचा अर्थ थांबलं का?

---

एडिसनचा_धुळेकर · १४ ऑक्टोबर

नाही. चूक नसलेल्या ऑनलाइन रिटर्नला साधारण २१ दिवस धरतात, तुमचे सतरा झालेत. त्या साइटवर तीनच पायऱ्या असतात: मिळालं, मंजूर, पाठवलं. त्यापलीकडे ती बोलत नाही.

खरी माहिती अकाउंट ट्रान्स्क्रिप्टमध्ये, म्हणजे टॅक्स खात्याच्या उताऱ्यात असते. मुलाला आयआरएसच्या संकेतस्थळावर स्वतःचं ऑनलाइन खातं उघडायला सांगा, ओळख आयडी डॉट मी वरून पटवावी लागते, पासपोर्ट आणि मोबाइलचा कॅमेरा हाताशी ठेवायचा. आत २०२४ चा अकाउंट ट्रान्स्क्रिप्ट उघडला की तीन आकडी कोड दिसतात. १५० म्हणजे रिटर्न नोंदलं गेलं. ८४६ म्हणजे रिफंड सोडला, शेजारची तारीख तीच पैशाची. ५७० दिसला तर रिफंड रोखलाय. त्याच्यामागे ९७१ आला तर पत्र निघालंय. ट्रान्स्क्रिप्ट कोराच असेल तर रिटर्न अजून मशीनच्या पोटात आहे, घाबरायचं कारण नाही.

पत्र ओळख पटवण्याचं असेल, वर कोपऱ्यात ५०७१सी लिहिलेलं असतं, तर ते ऑनलाइन पटवता येतं. ज्या पत्रांत फक्त फोन करा किंवा ऑफिसला या असं असतं, ती सरकार उघडेपर्यंत लटकली समजा. आणि ओळख पटल्यावरही नऊ आठवड्यांपर्यंत लागू शकतात. मुलाने खोली बदलली असेल तर जुन्या पत्त्यावरचं टपाल नव्यावर वळवण्याची विनंती टपाल खात्याच्या साइटवर आजच करून ठेवावी. आयआरएसकडे पत्ता बदलायचा फॉर्म ८८२२ हाही कागदीच, तो आत्ता कोणी वाचणार नाही.

एक करू नका: उशीर झाला म्हणून तेच रिटर्न पुन्हा भरू नका, आणि घाईने दुरुस्तीचं १०४०-एक्सही टाकू नका. एकाची दोन झाली की मशीन दोन्ही बाजूला काढतं.

---

भुसावळ_निवृत्त_बँकर · १४ ऑक्टोबर

हप्त्याकडे कोणी बघितलंच नाही, म्हणून लिहितो.

भाऊ, १० नोव्हेंबरच्या हप्त्याला रिफंड धरूच नका. रिफंड २० ऑक्टोबरला तिकडे जमा झाला असं समजलं तरी मुलाने डॉलर पाठवणं, ते इकडे येणं, यात चार-पाच कामाचे दिवस जातात आणि मध्ये दिवाळी आहे.

हप्ता चुकला तर काय होतं ते नीट समजून घ्या. एक दिवस उशीर झाला तरी खातं एसएमए-० मध्ये, म्हणजे बँकेच्या थकबाकीवर नजर ठेवायच्या पहिल्या यादीत जातं. ३० दिवस उलटले की एसएमए-१, ६० नंतर एसएमए-२, ९० दिवसांनंतर एनपीए, म्हणजे थकीत कर्ज. शैक्षणिक कर्जात तुम्ही सहकर्जदार आहात, त्यामुळे सिबिल दोघांचं बिघडतं. उद्या केळीच्या पिकासाठी कर्ज काढायला गेलात की शाखेत तेच पानावर दिसणार. शिवाय ईसीएस (खात्यातून हप्ता आपोआप कापण्याची सोय) परत गेलं की दोन्ही बाजूंचा दंड वेगळा.

म्हणून आत्ताच, हप्ता चुकण्याआधी, शाखेत लेखी अर्ज द्या. चुकल्यानंतर गेलात तर मॅनेजरच्या हातात फार काही उरत नाही. अर्जात दोन गोष्टी विचारा: हप्त्याची तारीख १० वरून २५ करता येईल का, आणि जास्तीचे काही पैसे पूर्वी भरले असतील तर ते पुढच्या हप्त्यात धरता येतील का. सोबत रिटर्न स्वीकारल्याची पावती आणि पगाराच्या तीन चिठ्ठ्या जोडा. हातावर दोन हप्ते निघतील एवढी छोटी एफडी असेल तर ती मोडण्याऐवजी तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या. व्याज साधारण एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त, तेही वापराल तेवढ्याच दिवसांचं. सोनं तारण ठेवायची वेळ यात यायला नको.

पैसे येताना मुलाच्या एनआरई खात्यात (परदेशातली कमाई ठेवायचं अनिवासींचं इकडचं खातं) येऊ द्या आणि तिथूनच कर्ज खात्यात वळवा. मुलाने वडिलांना पाठवले तरी इकडे टॅक्स नाही, नातेवाइकाची भेट करमुक्तच आहे. पण एनआरईतून गेलं की माग सरळ राहतो. अमेरिकेत १ जानेवारी २०२६ पासून बाहेर पाठवायच्या पैशावर १ टक्का कर येतोय, तो रोख रक्कम, मनीऑर्डर, कॅशियर चेक यांच्यावर. बँक खात्यातून पाठवलेल्यावर नाही. त्याची धास्ती घेऊ नका.

---

साने_गुरुजींच्या_गावचा · १५ ऑक्टोबर

काय भो, मग आपला इन्कम टॅक्सचा रिफंड पण असा एखाद दिवशी अडकेल का? माझा सप्टेंबरपासून लटकलाय. आणि जळगावच्या सराफ बाजारात जो भाव फुटलाय तोही शटडाऊनमुळेच का?

---

बळीरामपेठ_सीए · १५ ऑक्टोबर

सोन्याचं विचारू नका, ४,००० डॉलर औंसच्या वर जायला शटडाऊन हे एक कारण, बाकीची दहा आहेत.

आपल्याकडे अमेरिकेसारखं शटडाऊन होत नाही. बजेट वेळेत मंजूर होणार नसेल तर घटनेच्या ११६ व्या कलमाखाली लेखानुदान, म्हणजे खर्चाची तात्पुरती मंजुरी घेतात, साधारण दोन महिन्यांचं, निवडणुकीच्या वर्षी चारपर्यंत. आणि लोकसभेने खर्चच नाकारला तर सरकार पडतं, दुसरं येतं. तिकडे राष्ट्राध्यक्ष पडत नाही, म्हणून तो आणि तिकडची संसद आमनेसामने बसून राहू शकतात. शिवाय आपल्या हिशोबात रिफंड हा खर्च धरतच नाहीत, जमा झालेल्या करातून वजा दाखवतात. रिफंडवरचं व्याजही तसंच वजा दाखवतात आणि कॅग त्यावर वर्षानुवर्षं आक्षेप घेतंय की हा खर्च आहे, संसदेची मंजुरी घ्या. पण तो त्यांचा वाद, करदात्याचं त्यात काही अडत नाही.

तुमचा लटकलाय त्याचं कारण ९९ वेळा स्वतःच्याच पोर्टलवर दिसतं. रिटर्न भरल्यापासून ३० दिवसांत ई-व्हेरिफाय केलं का? बँक खातं प्रीव्हॅलिडेट, म्हणजे पोर्टलवर आधीच पडताळलेलं आहे का? बँकेचं विलीनीकरण होऊन आयएफएससी बदलला असेल तर जुनं खातं तिथे नापास दिसतं आणि रिफंड परत जातो. मग "रिफंड रिइश्यू" ची विनंती टाकावी लागते, आपोआप दुसऱ्यांदा येत नाही. पॅनवरचं नाव आणि बँकेतलं नाव जुळतं का बघा. आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये एकीकडे असतं आणि दुसरीकडे नसतं, हा खानदेशातला नेहमीचा घोळ. मागच्या वर्षाची थकबाकी दाखवून वळती करण्याची नोटीस आली असेल तर मुदतीत उत्तर द्या. सगळं ठीक असेल तर बेंगळुरूच्या सीपीसीला (इन्कम टॅक्सचं रिटर्न तपासणी केंद्र) तुमचं रिटर्न तपासायला ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत मुदत आहे, तोवर १ एप्रिल २०२५ पासून महिन्याला अर्धा टक्का व्याज मिळतं. अट एवढीच की रिटर्न मुदतीत भरलेलं हवं आणि रिफंड एकूण कराच्या १० टक्क्यांहून कमी नको.

---

चोपडा_तालुका · १६ ऑक्टोबर

ताई-दादांनो, जावई एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, मुलगी त्यांच्या जोडीने मिळणाऱ्या एच-४ वर आहे. तिचा आयटीआयएन (सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्यांचा टॅक्स नंबर) नाही म्हणून त्याचा अर्ज डब्ल्यू-७ जोडून कागदी रिटर्न पाठवायचंय. पासपोर्ट मूळ मागतात म्हणे. पाठवू द्यायचा का? जावयांना कंपनीही बदलायची आहे.

---

एडिसनचा_धुळेकर · १६ ऑक्टोबर

ताई, मूळ पासपोर्ट या दिवसांत पोस्टाने अजिबात नको. एरवीच परत यायला ६० दिवसांपर्यंत धरतात, आता पाकीट फुटणारच नाही. आजोबांच्या आजारपणात यायची वेळ आली तर पोरगी तिकडे अडकेल. आयआरएसने मान्यता दिलेले सर्टिफाइंग अ‍ॅक्सेप्टन्स एजंट असतात, ते पासपोर्ट समोर बघून लगेच परत देतात आणि अर्जासोबत स्वतःचं प्रमाणपत्र लावतात. फी घेतात, पण पासपोर्ट घरात राहतो. आयटीआयएन एरवी सात आठवडे, गर्दीत नऊ ते अकरा. त्यात शटडाऊनचे दिवस मिळवा.

कंपनी बदलण्याचं आत्ता थांबलंय. एच-१बी ची फाइल यूएससीआयएस या इमिग्रेशन खात्याकडे जाते आणि ते फीवर चालतात म्हणून उघडे आहेत. पण त्याआधी कामगार खात्याकडून एलसीए (कंपनीने पगाराची आणि कामाच्या अटींची हमी देणारा अर्ज) मंजूर व्हावी लागते, तो विभाग १ तारखेपासून बंद. ज्यांची एलसीए सप्टेंबरमध्येच मंजूर झालीय ते पुढे जाऊ शकतात. जावयांनी नवीन एलसीए मंजूर होऊन फाइल दाखल झाल्याशिवाय जुन्या नोकरीचा राजीनामा देऊ नये.

---

बळीरामपेठ_सीए · १६ ऑक्टोबर

चोपड्याच्या ताई, जावयांची इकडे एनआरओ (अनिवासींच्या भारतातल्या कमाईचं खातं) एफडी आहे का? असेल तर अजून एक. त्यांचं अमेरिकेतलं रहिवासी प्रमाणपत्र, फॉर्म ६१६६, दिलं तर व्याजावर करारानुसार १५ टक्के टीडीएस, नाही दिलं तर ३१.२ टक्के. ते प्रमाणपत्र फॉर्म ८८०२ आणि ८५ डॉलर भरून आयआरएसकडूनच मिळतं, म्हणजे तेही रांगेत. बँकेशी भांडून उपयोग नाही, त्यांना कागद लागतो. टीडीएस कापू द्या आणि इकडे रिटर्न भरून फरक परत घ्या. प्रमाणपत्र रिटर्न भरेपर्यंत हातात आलं तरी चालतं.

---

एडिसनचा_धुळेकर · १४ नोव्हेंबर

धागा वर आणतोय. १२ तारखेच्या रात्री सही झाली, ४३ दिवसांनी सरकार उघडलं. लोकांचा पगार मागच्या तारखेपासून मिळतो, २०१९ चा कायदाच आहे. पण काम मागच्या तारखेपासून होत नसतं. एलसीएचं पोर्टल ३१ ऑक्टोबरलाच सुरू झालं होतं, चोपड्याच्या ताईंच्या जावयांनी आता थांबायचं कारण नाही.

रावेरच्या दादांसाठी: ट्रान्स्क्रिप्टवर ८४६ आला असेल तर विषय संपला. ५७० आणि ९७१ असेल तर पत्राची तारीख बघा, उत्तराची मुदत पत्रावर छापलेली असते, ती शटडाऊनमुळे आपोआप वाढली असं धरू नका. फोन पुढचे काही आठवडे लागणार नाही. लावायचाच तर सकाळी सातला, तिकडच्या वेळेने.

"तुमचा रिफंड अडकलाय, सोडवायला फी भरा" असे मेसेज आता सुटलेत. आयआरएस सुरुवात कागदी पत्राने करतं आणि रिफंड द्यायला फी घेत नाही. लिंक उघडू नका, मुलाचा सोशल सिक्युरिटी नंबर कोणाला टाइप करून पाठवू नका.

फॉर्म ८४३ चं पाकीट ऑगस्टचं आहे, म्हणजे शटडाऊनआधी पोचलेलं. पोस्टाची पोचपावती जपून ठेवा आणि दुसरं पाठवू नका. एकदा मुलाकडून खात्री करा की सोबत डब्ल्यू-२, आय-९४ (अमेरिकेत प्रवेशाची नोंद), आय-२० (कॉलेजने दिलेलं विद्यार्थी प्रमाणपत्र), व्हिसाच्या पानाची प्रत, ओपीटीचं कार्ड आणि फॉर्म ८३१६ (या परताव्याच्या मागणीसोबतचं निवेदन) होतं. कंपनीने "आम्ही परत देणार नाही" असं लिहून दिलं नसेल, तर का दिलं नाही ते ८३१६ मध्येच लिहायचं असतं. हे राहिलं असेल तर आयआरएस पत्राने मागेल, तेव्हा पाठवा. २०२४ च्या कपातीसाठी १५ एप्रिल २०२८ पर्यंत मुदत आहे.

आणि नवीन वर्षाचा डब्ल्यू-४ (पगारातून किती टॅक्स कापायचा ते कंपनीला सांगणारा फॉर्म) मुलाने कंपनीत आत्ताच बघून घ्यावा, परदेशी विद्यार्थी म्हणून नीट भरलाय का, आणि सोशल सिक्युरिटीची कपात पगाराच्या चिठ्ठीवर अजून चालू आहे का. चालू असेल तर एचआरला आजच मेल. याच कॅलेंडर वर्षातली कपात कंपनी स्वतःच्या पातळीवर पगारात परत देऊ शकते, त्याला आयआरएसची रांग लागत नाही. ३१ डिसेंबर गेला की ते कठीण होतं.

---

केळीबाग_रावेर · १५ नोव्हेंबर

८४६ आहे, तारीख २२ ऑक्टोबर. हप्त्याची तारीख शाखेने २५ करून दिली. एचआरचं आज रात्री मुलाला सांगतो, चिठ्ठीवर कपात अजून चालूच दिसते.